नितळ पाण्यातले न सरणारे विष

पाणी चांगले की वाईट, हे आपण कसे ओळखतो? आधी डोळ्यांनी पाहतो. गढूळ असेल तर बाजूला ठेवतो. मग वास घेतो. मग घोटभर पिऊन चव पाहतो. आपल्या वाडवडिलांनी डोळा, नाक आणि जीभ या तीन साक्षीदारांवर विसंबून विहिरी निवडल्या.

पुढे आपल्याला कळले की, नितळ पाण्यातही रोगाचे जंतू असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून आपण पाणी उकळून पिऊ लागलो. गावच्या टाकीत टीसीएल पावडर पडू लागली. पटकी, हगवण, विषमज्वर यांच्या साथींना त्यामुळे आळा बसला. हे काम फार मोठे झाले.

परंतु आता काही ठिकाणच्या पाण्यात एक नवा चोर शिरला आहे. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो जंतू नव्हे, म्हणून उकळून मरत नाही. उलट पाणी आटते आणि तो तेवढाच उरतो. तुरटी फिरवली तरी तो खाली बसत नाही. टीसीएलला तो दाद देत नाही. तो माणसानेच कारखान्यात तयार केलेला आहे.

अशा चोराला एकट्या घरधन्याने कसे पकडावे? त्याला पकडायला कायदा लागतो. कायदा पाण्याची राखण कशी करतो आणि कुठे कमी पडतो, हे या पाठात पाहू. गोष्ट अमेरिकेतली आहे. तिचा एक धागा शेवटी आपल्या कोकणापर्यंत येतो.

हे रसायन आहे तरी काय?

सन १९३८ ची गोष्ट. अमेरिकेत ड्युपॉन्ट नावाची रसायने बनवणारी मोठी कंपनी होती. तिथे रॉय प्लंकेट नावाचे रसायनशास्त्रज्ञ एका वायूवर प्रयोग करीत होते. एके दिवशी पाहतात तो वायूच्या टाकीतला वायू नाहीसा झालेला आणि टाकीत पांढरी भुकटी साचलेली. त्या भुकटीला काही चिकटत नव्हते. तिच्यावर आम्लाचा परिणाम होत नव्हता. तिलाच पुढे टेफ्लॉन हे नाव मिळाले. डोसा न चिकटणारे काळे तवे आज बाजारात मिळतात, त्यांच्यावर याच जातीचा लेप असतो.

हे टेफ्लॉन कारखान्यात नीट तयार व्हावे म्हणून एक मदतनीस रसायन लागे. त्याचे नाव पीएफओए. त्याच्यात कार्बनचे आठ अणू असतात, म्हणून कारखान्यात त्याला सी-८ म्हणत. आपणही सी-८ म्हणू. या पाठातला चोर हाच. तव्यावर त्याचा मागमूस फारसा उरत नाही. कारखान्यातून बाहेर पडणारे सांडपाणी, धूर आणि गाळ यांत तो असतो. म्हणून तवा फेकून द्या, असे आम्ही सांगत नाही. कारखान्याच्या मोरीतून काय वाहते ते विचारा, असे सांगतो.

सी-८ एकटे नाही. त्याच्या गोत्रातली रसायने हजारोंनी आहेत. कपड्यावर पाणी ठरू नये, कागदातून तेल झिरपू नये, तेलाची आग विझवायला फेस व्हावा, अशा कितीतरी कामांना ती वापरतात. या सगळ्या गोत्राला पीफास म्हणतात.

या गोत्राचा विशेष कोणता? त्यात कार्बन आणि फ्लोरिन यांचा सांधा असतो. लाखेचा सांधा उन्हाने सुटतो. डाखाचा सांधा विस्तवाने सुटतो. परंतु हा सांधा ऊन, पाऊस, माती, जंतू यांपैकी कोणाच्यानेही सुटत नाही. शेणाचे खत होते. पाचोळा कुजतो. लोखंडही गंजून मातीला मिळते. हे रसायन मात्र मातीत पडले तर मातीत राहते, आणि पावसाबरोबर झिरपून विहिरीला मिळते. म्हणून जगात त्यांना ‘कायमची रसायने’ असे नाव पडले आहे.

इथे एक खुलासा करायला हवा. आपल्याकडे काही विहिरींच्या पाण्यात फ्लोराइड असते. त्याने दात पिवळे पडतात, हाडे वाकतात. ते फ्लोराइड खडकातून येते. ते निराळे आणि हे निराळे. दोहोंची गल्लत करू नये.

पोटात गेल्यावर सी-८ चे काय होते? मीठ खाल्ले तर जास्तीचे मीठ लघवीवाटे निघून जाते. सी-८ रक्तात ठाण मांडून बसते. आज रक्तात जेवढे आहे, त्यातले निम्मे बाहेर पडायला दोन ते चार वर्षे लागतात. तोवर रोजच्या पाण्यातून नवे येतच असते. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण आपण बचतीसाठी वापरतो. इथे तळे साचते ते विषाचे.

ओहायो नदीच्या काठी

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनिया नावाचे राज्य आहे. तिथे ओहायो नदीच्या काठी पार्कर्सबर्ग गावाजवळ ड्युपॉन्टचा कारखाना होता. सन १९५१ पासून तिथे सी-८ वापरू लागले. सांडपाणी नदीत जाई. धूर हवेत जाई. गाळ खड्ड्यांत टाकला जाई. कारखान्यामुळे हजारो घरांच्या चुली पेटत होत्या. त्यामुळे त्याच्याविरुद्ध बोलायला कोणी धजत नसे.

जवळच विल्बर टेनंट नावाचे एक शेतकरी होते. त्यांच्या घरातली काही जमीन कंपनीने कचरा टाकण्यासाठी विकत घेतली होती. त्या जागेवरून एक ओढा वाहत त्यांच्या कुरणात येई. त्याचे नाव ड्राय रन, म्हणजे कोरडा ओढा. गाई तिथेच पाणी पीत. काही वर्षांनी ओढ्याला फेस दिसू लागला. गाई चारा खाऊनही खंगू लागल्या. दात काळे पडले. वासरे मेलेली जन्मू लागली. दीडशेवर जनावरे गेली.

टेनंट यांनी सरकारी खात्यांची दारे ठोठावली. गावच्या वकिलांना विचारलं. कोणी दाद घेतली नाही. तेव्हा त्यांनी स्वतः कॅमेरा घेऊन ओढ्याची आणि मेलेल्या जनावरांची चित्रे टिपून ठेवली. पुढे १९९८ साली ते रॉबर्ट बिलॉट नावाच्या वकिलांकडे गेले. गंमत अशी की, बिलॉट यांचा धंदा रसायन कंपन्यांची बाजू मांडण्याचा. तरी त्यांनी शेतकऱ्याचे ऐकून घेतले आणि १९९९ साली दावा लावला.

दाव्यात कंपनीला आपली जुनी दप्तरे उघडावी लागली. कागद निघाले एक लाखाच्या वर पाने. बिलॉट महिनोन्महिने ते वाचीत बसले. त्यांत काय निघाले?

सन १९६१ मध्येच कंपनीच्या तज्ज्ञांना दिसले होते की, हे रसायन दिल्याने उंदरांचे यकृत सुजते. सन १९८४ मध्ये कंपनीने आसपासच्या गावांतले नळाचे पाणी गुपचूप तपासले. त्यात सी-८ सापडले. गावाला मात्र सांगितले नाही. सन १९९१ मध्ये कंपनीने पिण्याच्या पाण्यासाठी स्वतःपुरती एक मर्यादा ठरवली. त्याच वर्षी एका गावच्या पाण्यात त्या मर्यादेच्या तिप्पट सी-८ असल्याचे तिला आढळले. तेही दप्तरातच राहिले.

हजेरीपटावर नाव नव्हते

आता कोणीही विचारील, अमेरिकेसारख्या श्रीमंत देशात पाण्याचा कायदा नव्हता काय?

होता. सन १९७४ मध्ये तिथे शुद्ध पिण्याच्या पाण्याचा कायदा झाला. चांगला कायदा होता. शिसे, आर्सेनिक, रोगजंतू अशा घातक गोष्टींची यादी त्याखाली तयार झाली. प्रत्येकीची मर्यादा ठरली. नळाचे पाणी पुरवणाऱ्याने त्या यादीप्रमाणे पाणी तपासायचे आणि लोकांना कळवायचे, असा नियम झाला.

परंतु त्या यादीत सी-८ हे नावच नव्हते.

आम्ही शाळेत इतकी वर्षे हजेरीपट हाताळला. हजेरी घेताना मास्तर पटावरची नावे पुकारतो. ज्याचे नाव पटावर नाही, तो मागच्या बाकावर बसून खोड्या करीत असला तरी त्याचे नाव पुकारले जात नाही. पाण्याच्या कायद्याचे तसेच झाले. तपासनीस पाणी घेई. यादीतले एकेक नाव पुकारी. सगळे मर्यादेत आहे, असा दाखला देई. तो खोटे बोलत नव्हता. पाणी ‘कायद्याप्रमाणे शुद्ध’ होते. आणि त्याच पाण्यात सी-८ होते.

बरे, कारखान्यातल्या रसायनांसाठी निराळा कायदा नव्हता का? तोही १९७६ साली झाला. परंतु त्या वेळी बाजारात असलेली सुमारे ६२ हजार रसायने आहेत तशी चालू राहू दिली. एखादे रसायन घातक आहे, असा पुरावा पुढे आला तरच सरकारने चौकशी करावी, अशी रीत पडली. पुरावा कोणाजवळ? कंपनीजवळ. आणि कंपनी बोलत नव्हती. कुलूपही त्याच्याकडे आणि किल्लीही त्याच्याकडे, असा तो प्रकार झाला.

बिलॉट यांनी मार्च २००१ मध्ये सरकारी खात्यांना शेकडो पानांचा अर्ज धाडला आणि कागदांतले पुरावे पुढे मांडले. माहिती दडवून ठेवल्याबद्दल सरकारने कंपनीवर कारवाई केली. सन २००५ मध्ये कंपनीने १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याचे कबूल केले.

रात्रशाळेच्या मास्तरांनी पत्र वाचले

याच गोष्टीतला एक प्रसंग नव्याने वाचायला शिकलेल्या आपल्यासारख्या मंडळींनी ध्यानात ठेवावा.

सन २००० च्या ऑक्टोबरात लुबेक या गावच्या पाणीपुरवठा संस्थेने पाण्याच्या बिलाबरोबर घरोघर एक पत्र पाठवले. पत्रात लिहिले होते की, आपल्या पाण्यात सी-८ नावाचे रसायन थोड्या प्रमाणात सापडले आहे. सरकारने त्याची मर्यादा ठरवलेली नाही. त्यापासून धोका नाही.

बहुतेकांनी बिल भरले आणि पत्र बाजूला टाकले. जो कायगर नावाचे एक गृहस्थ होते. ते रात्रशाळेत शिकवीत. त्यांनी ते पत्र पुन्हा काढून वाचले. जी वाक्ये विचित्र वाटली, त्यांच्याखाली रेघा ओढल्या. धोका नाही असे म्हणणारा कोण? तर ड्युपॉन्ट कंपनी. मर्यादा कोणाची? तीही कंपनीचीच. म्हणजे चोर पण हाच आणि पंच पण हाच! कायगर यांनी या खात्यातून त्या खात्यात विचारणा केली. शेवटी २००१ साली ते बिलॉट यांच्याकडे आले. त्यांचे आणि इतर गावकऱ्यांचे नाव पुढे करून सर्व गावांच्या वतीने दावा दाखल झाला.

पत्र सगळ्यांना आले होते. अक्षरे सगळ्यांना वाचता येत होती. पण अक्षर वाचणे निराळे आणि अक्षरामागचा प्रश्न वाचणे निराळे.

एकोणसत्तर हजार लोकांचे रक्त

सन २००४ मध्ये तडजोड झाली. तिच्यात दोन कलमे महत्त्वाची होती. पहिले असे की, सहा पाणीपुरवठा संस्थांना कंपनीने गाळण्याची यंत्रणा आपल्या खर्चाने बसवून द्यावी. दुसरे असे की, कंपनीने ७ कोटी डॉलर द्यावेत, आणि सी-८ ने रोग होतो की नाही हे दोन्ही बाजूंना मान्य अशा तीन तज्ज्ञांनी ठरवावे.

ते पैसे एकेकाला वाटून संपवता आले असते. गावकऱ्यांच्या बाजूने निराळी तोड निघाली. जो रक्त देईल आणि आपल्या दुखण्यांची माहिती देईल, त्याला ४०० डॉलर मिळतील असे ठरले. तेव्हा सुमारे ६९ हजार लोकांनी रक्त दिले. एवढ्या लोकांची तपासणी झाली, म्हणून निकाल भक्कम झाला.

तज्ज्ञांना सात वर्षे लागली. सन २०१२ पर्यंत त्यांनी आपले निकाल दिले. सी-८ चा संबंध सहा दुखण्यांशी असावा, असे त्यांनी सांगितले. मूत्रपिंडाचा कॅन्सर, वृषणाचा कॅन्सर, थायरॉइडचा विकार, आतड्याला व्रण पडण्याचा एक रोग, रक्तातली चरबी वाढणे आणि गरोदरपणी रक्तदाब वाढणे, ही ती सहा दुखणी. त्यानंतर सुमारे साडेतीन हजार रोग्यांचे दावे पुढे आले. सन २०१७ मध्ये ड्युपॉन्ट आणि तिच्यातून निघालेली केमूर्स या कंपन्यांनी ६७ कोटी १० लाख डॉलर देऊन ते मिटवले.

मर्यादा ठरली, पण किती वर्षांनी?

दावा मिटला. पण दावा एका मुलखापुरता असतो. सगळ्या देशाच्या नळांना मर्यादा लागू करायची तर ती सरकारने ठरवायला हवी. तिथल्या सरकारात पर्यावरणाचे एक खाते आहे. एक लिटर पाण्यात सी-८ किती नॅनोग्रॅम चालावे, याचा आकडा पाहा कसा उतरत गेला.

सन १९९१ : कंपनीची स्वतःची मर्यादा, १००० नॅनोग्रॅम.
सन २००९ : सरकारी खात्याचा तात्पुरता सल्ला, ४०० नॅनोग्रॅम.
सन २०१६ : सरकारी खात्याचा सल्ला, सी-८ आणि त्याचा भाऊबंद पीएफओएस मिळून ७० नॅनोग्रॅम.
सन २०२४ : सरकारचा कायदेशीर नियम, प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम.

यातले पहिले तीन आकडे सल्ल्याचे किंवा कंपनीच्या मर्जीचे होते. सल्ला मोडला तर दंड नाही. नियम मोडला तर जाब द्यावा लागतो. एप्रिल २०२४ मध्ये सहा पीफास रसायनांची नावे प्रथमच देशाच्या हजेरीपटावर आली. कारखान्यात सी-८ वापरायला लागल्याला तेव्हा ७३ वर्षे झाली होती. विल्बर टेनंट २००९ सालीच वारले.

हे ४ नॅनोग्रॅम म्हणजे किती? एक नॅनोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा शंभर कोटीवा भाग. आता हिशेब करू. एक ग्रॅम सी-८ घ्या. लिटरला ४ नॅनोग्रॅम या मर्यादेपर्यंत जायला ते २५ कोटी लिटर पाण्याला पुरते. दोन हजार वस्तीच्या गावाला माणशी ५५ लिटर धरले तर रोज १ लाख १० हजार लिटर पाणी लागते. म्हणजे त्या गावाच्या सहा वर्षांच्या पाण्याला चिमूटभर रसायन पुरे झाले!

मग ४ च का, ३ का नाही? त्या खात्याने सांगितले की, आरोग्याच्या दृष्टीने या दोन रसायनांचे ध्येय शून्यच आहे. परंतु ४ हा आकडा प्रयोगशाळांना खात्रीने मोजता येतो. जे मोजता येत नाही, त्याबद्दल कोणाला दोषी धरता येत नाही.

खर्च कोणी सोसावा?

या नियमाला विरोधही झाला. तो करणारे सगळेच कारखानदार नव्हते. नळाचे पाणी पुरवणाऱ्या संस्थाही त्यांत होत्या. त्यांचे म्हणणे असे की, पाण्यात रसायन आम्ही टाकले नाही. आता ते काढायला कोळशाची मोठी गाळणी, राळेच्या मण्यांची गाळणी किंवा आरओ यंत्रे बसवायची. त्यांचा कोळसा वरचेवर बदलायचा. वापरलेला कोळसा पुन्हा कुठे टाकायचा? हा सगळा खर्च गरिबाच्या पाणीपट्टीवर पडणार. लहान गावांनी तो कसा पेलावा?

या म्हणण्यात तथ्य आहे. त्याचे उत्तर एवढेच की, गाळण्याचा खर्च टाळायचा असेल तर मुळाशीच अडवले पाहिजे. एक कारखान्याचे एक तोंड बांधणे सोपे. हजार नळांची तोंडे बांधणे कठीण. आणि ज्याने सांडले त्यानेच पुसावे, हा न्याय घराघरात चालतो, तोच इथेही लागू करावा. सन २०२३ मध्ये थ्रीएम या कंपनीने तिथल्या पाणीपुरवठा संस्थांना निदान १०३० कोटी डॉलर देण्याचे कबूल केले, ते याच न्यायाने.

नियम झाला म्हणजे काम संपले असेही नाही. मे २०२५ मध्ये त्या खात्याने जाहीर केले की, सी-८ आणि पीएफओएस यांची ४ ची मर्यादा आम्ही ठेवू, परंतु ती पाळण्याची मुदत २०२९ वरून २०३१ पर्यंत वाढवू. इतर रसायनांच्या मर्यादा मागे घेऊन पुन्हा विचार करू. पटावर चढवलेले नाव खोडताही येते. म्हणून लोकांनी जागे राहावे लागते.

एक गेले, दुसरे आले

अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी २०१५ पर्यंत सी-८ चा वापर बंद केला. मग विष संपले का? नाही. त्याच्या जागी त्याच गोत्रातले दुसरे रसायन आले. त्याचे नाव जेनएक्स. सन २०१७ मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या विल्मिंग्टन शहराच्या नळाच्या पाण्यात ते असल्याची बातमी आली. नदीच्या वरच्या अंगाला कारखाना होता. मुलाने नाव बदलून दुसऱ्या तुकडीत बसावे, तशातली ही गत.

हजारो रसायनांची नावे एकेक करून पटावर चढवायची म्हटले तर कित्येक पिढ्या जातील. म्हणून युरोपातल्या देशांनी निराळी रीत काढली. या गोत्रातल्या वीस रसायनांची मिळून एक मर्यादा त्यांनी ठरवली. लिटरला १०० नॅनोग्रॅम. ती जानेवारी २०२६ पासून लागू झाली आहे. एकेका चोराचे नाव विचारण्याऐवजी टोळीचीच मोजदाद करायची, असा हा विचार आहे.

आपला याच्याशी संबंध काय?

इटली देशात व्हिचेन्झा जिल्ह्यात त्रिस्सिनो नावाचे गाव आहे. तिथे मितेनी नावाचा कारखाना अशी रसायने बनवीत असे. सन २०१३ मध्ये आसपासचे पाणी दूषित झाल्याचे उघड झाले. त्या भागातल्या लाखो लोकांच्या पाण्याचा प्रश्न उभा राहिला. सन २०१८ मध्ये कारखान्याचे दिवाळे निघाले. जून २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने कारखान्याशी संबंधित ११ अधिकाऱ्यांना कैदेची शिक्षा सुनावली.

त्या बंद कारखान्याची यंत्रे कुठे गेली? सन २०१९ मध्ये एका भारतीय कंपनीने ती विकत घेतली. पुढे ती रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यातल्या लोटे परशुराम इथल्या औद्योगिक वसाहतीत आली.

इथे न्यायाने बोलले पाहिजे. यंत्र आले म्हणजे विष आलेच, असे म्हणता येत नाही. यंत्र चांगल्या रीतीने चालवता येते, वाईट रीतीनेही चालवता येते. कारखान्याने गावच्या पोरांना काम मिळते, हेही खरे. परंतु पाणी शुद्ध आहे हे सांगायला कोणाचा तरी शब्द पुरेसा नाही. मोजून पाहिलेला आकडा हवा.

आणि आकडा मागायचा तर आपला हजेरीपट पाहावा लागतो. आपल्याकडेही १९७४ सालीच पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा झाला. त्याप्रमाणे राज्याराज्यांत प्रदूषण नियंत्रण मंडळे आली. सांडपाणी सोडायचे तर कारखान्याला मंडळाची संमती लागते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक आहे, त्याचा क्रमांक १०५००. सन २०१२ च्या या मानकात आर्सेनिक आहे, फ्लोराइड आहे, शिसे आहे, कीटकनाशके आहेत. पीफास रसायनांची मर्यादा त्यात दिलेली नाही. म्हणजे ज्या जागी अमेरिकेचा पट १९७४ पासून कोरा होता, त्या जागी हाही कोरा आहे. गावात पाणी तपासायची जी पेटी येते, तिच्यानेही हे रसायन सापडत नाही. त्याला मोठ्या प्रयोगशाळेतले महागडे यंत्र लागते.

मग साध्या माणसाने करायचं काय?

पहिली गोष्ट, घाबरू नये. प्रत्येक गावच्या पाण्यात हे रसायन नसते. उकळणे आणि टीसीएल सोडू नये. जंतू आजही आहेत, आणि त्यांच्यावर तोच उपाय आहे.

दुसरी गोष्ट, गावाजवळ रसायनांचा कारखाना असेल तर ग्रामसभेत तीन प्रश्न विचारावेत. तिथे काय बनते? सांडपाणी आणि गाळ कुठे जातो? नळाचे पाणी कोणकोणत्या वस्तूंसाठी तपासले? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात ‘पाणी शुद्ध आहे’ एवढे ऐकून उठू नये. यादी मागावी. यादीत जे नाव नाही, ते तपासलेले नाही.

तिसरी गोष्ट, उत्तर मिळाले नाही तर अर्ज लिहावा. सन २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याप्रमाणे दहा रुपये भरून कोणाही नागरिकाला सरकारी कचेरीतून माहिती मागता येते. कारखान्याला दिलेल्या संमतीची नक्कल मागता येते. पाणी तपासल्याचा अहवाल मागता येतो. आपल्याला आता लिहिता येते. अर्जाखाली अंगठ्याऐवजी सही करता येते.

चौथी गोष्ट, मानकात या रसायनांची नावे यावीत, अशी मागणी ग्रामपंचायतींनी ठराव करून वर पाठवावी. एका गावाचा ठराव फायलीत पडेल. शंभर गावांचे ठराव फायलीत मावत नाहीत.

लक्षात ठेवा

१. पाणी नितळ असले म्हणजे निर्धोक असते असे नाही.
२. जंतू उकळून मरतात. ही रसायने उकळून जात नाहीत.
३. कायद्याच्या यादीत ज्याचे नाव नाही, त्याची तपासणी कोणी करीत नाही.
४. नळावर गाळण्यापेक्षा कारखान्याच्या दाराशी अडवणे स्वस्त पडते.
५. पाण्याचे बिल, नोटीस, अहवाल पूर्ण वाचावा. न समजलेल्या ओळीखाली रेघ ओढावी, आणि तिचा अर्थ विचारावा.